गच्चीवर रॉक अँड रोल लावायचं असेल तर आधी टाळी शिकवा

बाबांची पंचाहत्तरी आम्ही डिसेंबरमध्ये इंदूरला लोकमान्य नगरच्या घरीच, गच्चीवर केली आणि तेव्हापासून ओळखीचे लोक विचारतायत की ती पन्नास-साठ सालातली इंग्लिश गाणी लावून तुम्ही बहात्तर वर्षांच्या आत्यापासून शेजारच्या सात वर्षांच्या पोरापर्यंत सगळ्यांना नाचवलं कसं, आमच्याकडे तर दुसऱ्या गाण्याला लोक खुर्च्या गाठतात. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते, ज्याला करायचं असेल त्याने वापरावं.

मला ही गाणी लहानपणापासून जीव की प्राण. मोठे काका महूला नोकरीला होते, तिथून बदली होऊन जाणाऱ्या एका घरातून त्यांनी रेकॉर्ड प्लेअर आणि खोकंभर सात इंची रेकॉर्ड घेतल्या होत्या, दर सुट्टीत आम्ही भावंडं तिकडे गेलो की दुपारभर तेच. तेव्हा शब्द एक कळायचा नाही, पण पाय हलायचे. आता घरात सगळं मोबाईलवर आहे, खोकं मात्र अजून माझ्याकडे आहे.

दोन वर्षांपूर्वी एका मावसबहिणीच्या संगीतला मी हाच प्रयोग केला होता आणि तो साफ पडला. यादी डीजेला दिली, त्याने पहिलंच बिल हेलीचं रॉक अराउंड द क्लॉक लावलं, बेस एवढा वाढवला की गाणं ओळखू येईना, लोकांनी उत्साहाने टाळ्या सुरू केल्या त्या पण एक आणि तीनवर, आणि दोन मिनिटं आठ सेकंदांचं ते गाणं कोणी उठायच्या आत संपलं. घरी येऊन मी खूप विचार केला की चुकलं कुठे. गाणी चुकली नव्हती, लोकांचं पण काही चुकलं नव्हतं, त्यांचा हात या गाण्यात कुठे पडतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

तर पहिलं काम टाळी. आपल्याकडे आरती असो, भजन असो, हात समेवर पडतो, पहिल्या मात्रेवर, तीच सवय लहानपणापासून. रॉक अँड रोलमध्ये चार ठोके मोजले तर जोर दोन आणि चारवर असतो, तिथे स्नेअर ड्रम फटकन वाजतो, त्याला बॅकबीट म्हणतात. एक-तीनवर टाळी मारत राहिलात तर गाणं जड लागतं, ओढत नेल्यासारखं, आणि तीच टाळी दोन-चारवर नेली की अंग आपोआप हलायला लागतं, खरंच, यात काही जादू नाही, करून बघा. खुर्चीत बसा, उजवा पाय एक आणि तीनवर जमिनीवर, टाळी दोन आणि चारवर. धप-टाळी-धप-टाळी. सरावाला बिग जो टर्नरचं शेक, रॅटल अँड रोल घ्या, १९५४ चं, कारण ते अंगावर धावून येत नाही, मध्यम चालीचं आहे आणि मागे ड्रमबरोबर माणसांच्या टाळ्या पण ऐकू येतात, म्हणजे रेकॉर्डच तुम्हाला शिकवते. हेच गाणं बिल हेलीने त्याच वर्षी केलं, शब्द जरा सोवळे करून आणि चाल वाढवून, ते नंतर लावा.

आत्याची गोष्ट सांगायलाच हवी. आत्या चाळीस वर्षं भजनी मंडळात झांज वाजवते, तालाला एकदम पक्की, आणि नेमकी तीच अडली. पहिली दहा मिनिटं तिचा हात परत परत एकवर यायचा, ती चिडली स्वतःवरच, मग म्हणाली, "थांब गं, झांज आण माझी." देवघरातून झांज आणली. तिने एकवर झांज दाबून वाजवली, नुसता खट्ट आवाज, आणि दोनवर मोकळी सोडली, छन्न. दाब-छन्न, दाब-छन्न. चार वेळा केलं, तोपर्यंत जो टर्नरचं गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं होतं, आणि ती छन्न बरोब्बर ड्रमच्या फटक्यावर जाऊन बसली. आत्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि थांबलीच नाही, गाणं संपलं तरी वाजवत होती. मग काय, बाकीच्यांना शिकवायला मी लागलेच नाही, सगळे आत्याच्या झांजेकडे बघून टाळी मारायला लागले. तुमच्या घरात कोणी झांज, चिपळ्या, ढोलकी काहीही वाजवणारं असेल तर त्यालाच पुढे बसवा.

हा फटका या गाण्यांत आला कुठून हे थोडं माहीत असलं तर ऐकायला अजून मजा येते. न्यू ऑर्लिन्समध्ये कॉझिमो मटासाचा एक छोटासा स्टुडिओ होता, तिथे हा फटका देणारा अर्ल पामर नावाचा ड्रमर बसायचा, फॅट्स डॉमिनोचं द फॅट मॅन १९४९ च्या डिसेंबरात तिथेच झालं आणि लिटिल रिचर्डचं टुटी फ्रुटी १९५५ च्या सप्टेंबरात. लिटिल रिचर्डचा उजवा हात पियानोवर सरळ, एकसारखे, दणादण ठोके देतो, त्याला साथ करणाऱ्या वादकांच्या हातात मात्र जुन्या चालीचा झोका मुरलेला. चक बेरीच्या जॉनी बी. गुडमध्ये, १९५८ चं ते, हे अगदी स्पष्ट ऐकू येतं, गिटार सरळ चालते आणि मागचे ड्रम आणि बेस झोके घेतात. म्हणून त्या गाण्यावर नाचताना पाय सरळ आणि कंबर झोक्यात अशी आपोआप वाटणी होते. मी तर म्हणते की या गाण्याची सगळी गोडी त्या दोन चालींच्या घासण्यात आहे, नंतरच्या बँडांनी सगळं एका रेषेत सरळ करून टाकलं आणि तो झोका गेला. याच गाण्याचा आवाज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याच्या तबकडीवर अवकाशात गेला, त्याच तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी पण आहे, ही गोष्ट बाबांना सांगितली तेव्हा त्यांनी दोन्ही परत परत लावायला लावली.

आता गाणी. प्रसिद्ध गाणं पहिलं असं करू नका, चाल बघून क्रम लावा. रॉक अराउंड द क्लॉक मिनिटाला साधारण १८० ठोक्यांचं आहे, म्हणजे सेकंदाला तीन, थंडीत बसलेल्या माणसाचे गुडघे एवढ्या वेगाला लगेच तयार नसतात. आम्ही सुरुवात जो टर्नरने केली, मग फॅट्स डॉमिनोचं एन्ट दॅट अ शेम, मग ट्विस्ट, आणि हेली सहावा. तोपर्यंत लोक स्वतःच म्हणत होते की अजून जोरात लाव. अजून एक, ही सगळी गाणी साधारण दोन ते तीन मिनिटांची आहेत, तेव्हा मध्ये गॅप पडला की लोक बसले म्हणून समजा. मोबाईलवर यादी आधीच करून ठेवा, एक गाणं संपतंय तोवर दुसरं सुरू झालं पाहिजे, आणि जे गाणं रंगेल ते लगेच दुसऱ्यांदा लावा, बिलकुल लाजू नका, दुसऱ्या वेळेला निम्मे जास्त लोक उठतात.

मूळ रेकॉर्डिंग शोधा, हे मी हात जोडून सांगते. या कलाकारांपैकी बऱ्याच जणांनी पुढे दहा-वीस वर्षांनी आपलीच गाणी दुसऱ्या कंपनीसाठी परत गायली, ॲपवर नाव तेच, फोटो तोच, आणि ऐकायला बसलात तर सगळं गुळगुळीत. ओळखायचं कसं, तर हेडफोन लावून ऐका, ड्रम एका कानात आणि गिटार दुसऱ्या कानात असं स्वच्छ वेगवेगळं आलं तर बहुतेक ते नंतरचं आहे, कारण त्या काळातली ही सात इंची गाणी मोनोमध्ये असायची, सगळा आवाज एकत्र मधोमध. साल पण बघून घ्या, नुसतं अल्बमचं नाही, गाण्याचं.

मोनो आहे म्हणूनच तुम्हाला मोठा डीजे सेट लागत नाही. ही गाणी ज्यूकबॉक्ससाठी, म्हणजे नाणं टाकलं की गाणं वाजवणाऱ्या पेटीसाठी, आणि छोट्या रेडिओसाठी बनलेली आहेत, अमेरिकेत पहिला खिशातला ट्रान्झिस्टर १९५४ च्या शेवटी दुकानात आला आणि पोरं त्यावरच ही ऐकायची. आमच्याकडे एकच मध्यम आकाराचा स्पीकर होता, जेल रोडवरून आणलेला, तो जमिनीवर न ठेवता स्टुलावर ठेवला, साधारण छातीच्या उंचीला, पाठ पाण्याच्या टाकीकडे, म्हणजे आवाज समोर फेकला जातो. बेसचं बटण मधल्या खुणेवरच राहू द्या. उभ्या बेसची तार ओढून सोडली की पट्टीवर आपटून जो टकटक आवाज येतो ना, हेलीच्या गाण्यात ऐका, तो या गाण्याचा कणा आहे, बेस वाढवला की त्याचा नुसता घुमणारा गोळा होतो आणि नाचणाऱ्याला ठोका सापडत नाही. माझ्या मावसबहिणीच्या संगीतला हेच झालं होतं.

ट्विस्ट सगळ्यात सोपा आणि सगळ्यात जास्त चुकीचा केला जाणारा. मूळ गाणं हँक बॅलर्ड आणि मिडनाइटर्सचं, १९५९ ला आलं ते पण दुसऱ्या एका गाण्याच्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला, मग १९६० मध्ये चबी चेकरने ते जवळपास तसंच गायलं आणि ते अमेरिकेत एक नंबरला गेलं, आणि १९६२ च्या जानेवारीत तेच रेकॉर्डिंग पुन्हा एक नंबरला. चबी चेकर हे नाव पण फॅट्स डॉमिनोवरूनच जुळवलेलं, गोलमटोल आणि सोंगट्या-पटाचा खेळ असं दोन्हीत. मला बॅलर्डचं जास्त आवडतं, पण लोकांना चबी चेकर लावा, त्याच्या आवाजात हसू आहे, ते गच्चीवर पोचतं.

करायचं कसं, तर समजा जमिनीवर विडी पडलीय आणि ती तुम्ही पायाच्या चवड्याने विझवताय, आणि त्याच वेळी अंघोळ करून आल्यावर टॉवेल दोन्ही हातांनी धरून मागून कंबर पुसताय. बस्स, एवढंच, अमेरिकेत पण असंच शिकवायचे. खरोखर टॉवेल हातात द्या, आम्ही चार पंचे दिले होते, हात कुठे ठेवू हा प्रश्नच मिटतो. वजन चवड्यावर, टाच जराशी उचललेली, गुडघे थोडे वाकलेले, आणि वळायचं ते कमरेपासून आणि पायांपासून एकदम. पाय जमिनीला चिकटलेला आणि वरून अंग पिळलं तर सगळा ताण गुडघ्यावर येतो, ज्येष्ठांना हे आधी सांगा. इथे चपलेचा मुद्दा येतो. रबरी स्लीपर गच्चीच्या फरशीला धरून ठेवते, पाय फिरत नाही आणि गुडघा फिरतो. चामड्याच्या तळाची कोल्हापुरी उत्तम, अंगठा धरून ठेवतो आणि तळ सरकतो, बाबांनी अख्खी संध्याकाळ कोल्हापुरीवर काढली. अमेरिकेतल्या शाळांमध्ये जिमच्या लाकडी फरशीला ओरखडे नकोत म्हणून पोरं बूट काढून मोज्यांवर नाचायची, डॅनी अँड द ज्युनियर्सचं ॲट द हॉप त्याच नाचांवरचं आहे, पण आपल्या गुळगुळीत टाइल्सवर मोजे घालून नाचू नका, घसरून पडाल, आणि कॅरमची पावडर टाकायची आयडिया कोणी दिली तर त्याला सरळ नाही म्हणा.

मंगळागौर खेळलेल्या बायका ट्विस्ट पटकन उचलतात हे माझं स्वतःचं बघितलेलं आहे. झिम्मा-फुगडीत चवड्यावर वजन घ्यायची सवय असते, हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे चालवायची पण. पुरुषांना जरा वेळ लागतो, त्यांना मध्ये उभं करू नका, कडेला उभं करा.

पोरांसाठी एल्विसचं जेलहाउस रॉक, १९५७ चं, ठेवा आणि त्यावर स्टॅच्यू खेळा. त्या गाण्यात कडव्याच्या वेळी बँड दोन फटके मारतो आणि थांबतो, मध्ये फक्त एल्विस गातो, मग परत दोन फटके. फटक्याला पोझ बदलायची, मधल्या वेळात हलायचं नाही, आणि ध्रुवपद आलं की सुटायचं. शेजारचा सात वर्षांचा पोरगा दुसऱ्या कडव्यापासून सगळ्यांना आउट करत होता. लिटिल इव्हाचं द लोको-मोशन, १९६२ चं, आगगाडीसाठी. या गाण्याची गंमत म्हणजे गाणं आधी आलं, नाच असा काही नव्हताच, लोक विचारायला लागले तेव्हा तिने तो करून दाखवला. तेव्हा तुम्ही पण तुमचा बनवा, आमच्या पोरांनी टाकीला दोन फेऱ्या मारल्या आणि मागून सगळे मामा-काका डबे.

जे अजिबातच उठत नाहीत त्यांच्यासाठी द स्ट्रोल आहे, द डायमंड्सचं, १९५७ च्या शेवटचं. संथ चाल, सॅक्सोफोन मस्त रेंगाळत जातो. दोन रांगा समोरासमोर, एकीकडे बायका एकीकडे पुरुष, आणि एक-एक जोडी मधून चालत शेवटपर्यंत जाते, चालताना जे सुचेल ते करायचं, नाही सुचलं तर नुसतं ऐटीत चालायचं. बाकीचे उभ्या उभ्या दोन-चारवर टाळी. आई आयुष्यात कधी नाचली नव्हती, ती बाबांचा हात धरून त्या मधल्या वाटेने चालत गेली, पदर सावरत, आणि शेवटाला पोचल्यावर वळून परत रांगेच्या सुरुवातीला जाऊन उभी राहिली. अजून एकदा जायला.

जोडीने जाइव्ह शिकवायचाच असेल तर साधी सहा ठोक्यांची चाल शिकवा: डावीकडे पाऊल, दोन ठोके, उजवीकडे पाऊल, दोन ठोके, मग डावा पाय मागे आणि परत उजव्यावर जागच्या जागी, एक-एक ठोका. समोरच्याने आरशासारखं. हात घट्ट धरू नका, बोटांचे आकडे करून एकमेकांत अडकवा, मागे जाताना दोघांनी जरासा ताण घ्यायचा, रबराचं बँड ओढल्यासारखा, त्या ताणावरच पुढे यायचं. गाणं चारचं आणि पावलं सहाची म्हणजे पाऊल दर वेळी गाण्याच्या वेगळ्या जागी सुरू होणार, घाबरायचं काही नाही, तसंच असतं. एका संध्याकाळीत यापुढे जाऊ नका, गिरक्या वगैरे नंतर कधीतरी.

हेलीचं गाणं लावाल तेव्हा एक लक्षात ठेवा, सुरुवातीला तो घड्याळाचे तास मोजतो, बँड मध्ये मध्ये फक्त फटके देतो, तिथे नाचायचं नाही. सगळ्यांनी उभं राहून त्याच्याबरोबर बोटांनी तास मोजायचे आणि बारा झाले, ती ओळ संपली, ड्रम सुरू झाला की एकदम. हा थांबवलेला श्वास फार छान लागतो. आणि मधलं गिटारचं सोलो आलं की जरा कान द्या, ते डॅनी सेड्रोनने वाजवलंय, एप्रिल १९५४ मध्ये, तो बँडचा कायमचा माणूस पण नव्हता, आणि दोनच महिन्यांनी जून महिन्यात जिन्यावरून पडून गेला. गाणं एक नंबरला पोचलं ते १९५५ च्या जुलैत, त्याने ते पाहिलंच नाही. मी ते सोलो कधीच मध्येच बदलू देत नाही, कितीही कोणी म्हणालं पुढचं लाव तरी.

हिंदीचा पूल मध्ये एकदा तरी टाका, नाहीतर काही लोक परकेपणानेच बसून राहतात. आमच्याकडे सी. रामचंद्रांचं ईना मीना डीका लावलं, आशा पिक्चरचं, १९५७ चं, म्हणजे एल्विसच्या जेलहाउस रॉकच्याच वर्षी आपला पुणतांब्याचा माणूस मुंबईत बसून हे करत होता, आणि गाणारा खंडव्याचा किशोर, जो इथे आमच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला. इंदूरकरांना हे सांगितलं की वेगळंच बळ येतं, भिया, आपला माणूस आहे! त्यावर पण दोन-चारची टाळी बरोबर बसते. मग पंचमचं आओ ट्विस्ट करें, १९६५ चं, आणि त्याला चिकटूनच चबी चेकरचं लेट्स ट्विस्ट अगेन, ज्यावरून ते आलं. दोन्ही लागोपाठ ऐकल्यावर लोक हसतात आणि हसत हसत नाचतात.

जेवण आधी देऊ नका. आमच्याकडे आधी फक्त शेव आणि चहा, नाच झाल्यावर गराडू, म्हणजे आमच्याकडचा थंडीतला कंद, तळले, थंडीत नाचून आल्यावर लिंबू पिळलेला गरम गराडू, काय सांगू. पाणी मात्र मधल्या वेळात हातात देत राहा, थंडीत तहान कळत नाही. एकूण सव्वा तास पुरे, मध्ये एकदा दहा मिनिटांचा आराम, तेव्हा कोणाला तरी गोष्ट सांगायला लावा, आम्ही बाबांकडून काकांच्या रेकॉर्ड प्लेअरची ऐकली.

दहानंतर स्पीकर लावायला बंदी आहे, तेव्हा पावणेदहाला शेवटचं गाणं धरा, आणि ते जोरातलं नको. आम्ही फॅट्स डॉमिनोचं ब्लूबेरी हिल ठेवलं, १९५६ चं, डुलत डुलत जाणारं, त्यावर कोणी नाचलं नाही तरी चालतं. आवाज थोडा कमी करून तेच दोनदा लावलं, तेवढ्यात भावांनी खुर्च्या रचल्या, सतरंज्या घड्या झाल्या, आणि आत्या पायरीवर बसून पिशवीत झांज नीट गुंडाळून ठेवत होती.